डावीकडचं तिसरं टेबल

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळची सर्व्हिस मोटार कापूरहोळच्या फाट्यावर थांबली, तेव्हा विंझरच्या महारवाड्यातले केरूबाबा यांना तिथल्या दुकानात कान तुटलेल्या कपात चहा देण्यात आला. हा कप दुकानाबाहेर भिंतीतल्या कोनाड्यात असतो. तो आपणच काढून खाली ठेवायचा. दुकानदार वरून चहा ओततो. पिऊन झाला की आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात. भजी हवी असतील तर पुडा वरून टाकतात. त्या दिवशीचा पुडा मी ओळखला. माझंच पत्रक होतं ते. 'अस्पृश्यता हा कलंक आहे' या मथळ्यावर तेल उतरलं होतं.

आणि ज्यांच्यावर हा अन्याय चालला होता ते केरूबाबा काय करत होते? धुळीत उकिडवे बसून, आत बाकावर बसलेल्या एका कोटवाल्या गृहस्थांना दादरला खावं कुठं ते समजावून सांगत होते!

"पुलावरनं पूर्वेला उतरा, सायेब. कोपऱ्यावर इरानी. दारातलं टेबल नगं, धूळ येती. भिताडाकडचं बगा."

गृहस्थ आपल्या धड कपातून घोट घेत मन लावून ऐकत होते. मीही आतच बसलो होतो. माझाही कप धड होता. हे लिहायला सोपं नाही, पण लिहितो.

केरूबाबा तीस वर्षं कुर्ल्याच्या गिरणीत, सूत कातायच्या रिंगखात्यात होते. दम लागायला लागला तशी गिरणी सुटली आणि ते विंझरला परतले. येताना त्यांनी एक ट्रंक आणली, आणि डोक्यात मुंबईकडची झाडून सारी हॉटेलं. परळ, दादर, माटुंगा, कुर्ला. वेल्ह्याच्या खोऱ्यातून मुंबईला निघालेला माणूस आधी देवाला नारळ फोडतो आणि मग केरूबाबांना विचारतो. देवळात त्यांना जाता येत नाही, म्हणून हा दुसरा विधी रस्त्यावर उरकतात.

त्यांची पारख मात्र अजब. चव, भाव, स्वच्छता, कशाचीच चौकशी नाही. परत आलेल्या माणसाला ते एकच विचारतात, "पानी ठेवलं का वतलं?"

म्हणजे पेला समोर आणून ठेवला, की ओंजळीत वरून ओतलं? ठेवलं तर हॉटेल उत्तम. मग पाव शिळा असो, चहात माशी असो.

माटुंग्याच्या एका खानावळीवर त्यांचा फार राग. "आदी जात इचारत्यात, मंग पान मांडत्यात. तितं अजिबात जाऊ नगा," असं त्यांनी गावच्या भटजींनाच बजावलं होतं. भटजी गेले, पोटभर जेवले, आणि येऊन म्हणाले, "केरू, अरे मला तर त्यांनी दोनदा तूप वाढलं!"

"वाढतीलच की," केरूबाबा म्हणाले. "पर हाटेल वाईट."

कुर्ल्याच्या एका इराण्यावर त्यांची खास मर्जी. त्याचा पत्ता ते न विचारताही देत. "डावीकडचं तिसरं टेबल. आन् रविवारी जावा. सकाळच्या पारी. बाकीच्या दिवशी काय मजा न्हाई." रविवारी खारी ताजी मिळत असेल, अशी आमची समजूत.

पाटलांचे धाकटे भाऊ, अण्णा, कोर्टाच्या कामाला मुंबईस गेले आणि रविवार साधून त्या इराण्याकडे जाऊन आले. परतले ते तणतणत. मी तेव्हा रस्त्यावर पत्रकं वाटत होतो. कोणी घेत नव्हतं, म्हणून सगळं नीट ऐकू आलं.

"कसला रं तुझा इराणी, केरू! पाव दगडासारखा."

"ते ऱ्हाऊ द्या, अण्णा. पानी ठेवलं का वतलं?"

"ठेवलं की! मला कोण वततोय?"

"आन् टेबलावर कोन व्हतं?"

"होती एक कारटी. सहाएक वर्साची. बाप होता संगं. माज्याच टेबलावर येऊन बसली, आन् पेला ठाक ठाक आपटून वरडती कशी, 'पानी लाव!' डोकं उठवलं माजं."

"कसं आपटत व्हती?"

अण्णांनी काठी दगडावर आपटून दाखवली. केरूबाबांनी त्यांना ते तीनदा करायला लावलं. अण्णा जाताना मला म्हणाले, "म्हातारा सरकलाय."

मलाही तसंच वाटलं होतं. मग परवा त्यांनी मला हाक मारली. "ओ कागदवालं, जरा पत्र लिवून द्या. तुमचं कागद भज्याला बरं पडत्यात, आज कायतरी कामाचं लिवा."

पत्र कुर्ल्याला, त्यांच्या मुलाला. दिवाळीच्या पाडव्याला मुलगा त्याच्या पोरीला, सगूला, घेऊन गावी येणार होता. केरूबाबा सांगू लागले, "लिवा. औंदा येऊ नगा. मोटार बंद हाय."

"मोटार चालू आहे, बाबा."

"बंद लिवा."

मी लेखणी खाली ठेवली. तेव्हा बाबांनी कारण सांगितलं.

"रविवारी म्या तिला इरान्याकडं न्यायचो. तिसऱ्या टेबलावर. तिचा येगळा पेला. आपटून आपटून पानी मागती. आता बाप नेतो. हितं कापूरवळला मोटार अर्धा घंटा थांबती. तिला तहान लागंल. ती काय इचारनार न्हाई कुनाला. सरळ आत जाऊन बाकावर बसंल. आन् पेला आपटंल."

मी लेखणी उचलली, पण कागदावर टेकवली नाही.

"लबाडी नगं वाटती? मंग खरं लिवा. लिवा, सगूबाई, तुजा कप भाईर कोनाड्यात हाय."

दोन वर्षांत मी नऊ पत्रकं लिहिली. हे एक वाक्य मला लिहिता आलं नाही. शेवटी 'मोटार बंद आहे' असंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, "तुमी मुंबईला कवा जानार? गेलात तर रविवारी जावा."

खोऱ्यातली अर्धी माणसं या म्हाताऱ्याची नात बघून आली आहेत. तिच्या टेबलाला टेबल लावून चहा प्यायली आहेत. कुणाचं काही बाटलं नाही. अण्णांचं तर फक्त डोकं उठलं.

पत्र अजून माझ्या खिशात आहे. ते पेटीत टाकायचं की फाडायचं, हे मी तुमच्यावर सोपवतो, कारण मी थकलो आहे आणि दहावं पत्रक काढलं तरी त्यात भजीच बांधली जाणार. तुम्ही भोरच्या रस्त्यानं जाता. कापूरहोळला उतरता. चहा पिता. पाडव्याला अजून बारा दिवस आहेत. या बारा दिवसांत उतराल तेव्हा बाहेर या, कोनाड्यातला कान तुटलेला कप काढा, आत नेऊन बाकावर ठेवा आणि सगळ्यांदेखत सांगा, मला यातच चहा हवा.