म्हाताऱ्याची ट्रान्सफर

सहाच्या आत म्हाताऱ्याचा निकाल लावायचा होता आणि रुचाचा हात काही केल्या धजत नव्हता.

म्हातारा म्हणजे तिच्या मोबाईलमधला एक प्राणी. पाठीवर शिंपला, डोक्याला टक्कल, पांढऱ्या झुबकेदार मिशा. राक्षस पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे अशा एका खेळात तिने पकडलेला हा अगदी पहिला. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी परळच्या इस्पितळातल्या बाकावर बसून पकडलेला. शेजारी सासरे, अप्पा, दिवसभर एक शब्द न बोलता बसले होते. हा प्राणीही तसाच, कितीही मार खाल्ला तरी जागचा न हलणारा. म्हणून तिने त्याचं नाव म्हातारा ठेवलं. सासूबाई त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. म्हातारा मात्र राहिला.

पण आता खेळात नवे, तगडे राक्षस आले होते. संध्याकाळी सहाला ऑफिसच्या टोळीची मोठी झुंज होती आणि रुचाची पोतडी गच्च भरलेली. वीजमुंगळा नावाचा नवा गडी घ्यायचा तर कुणाला तरी काढणं भाग होतं. खेळाच्या भाषेत त्याला ट्रान्सफर म्हणत. प्राणी कायमचा जायचा आणि बदल्यात दोन गोळ्या मिळायच्या.

टोळीचा म्होरक्या हितेंद्र सकाळपासून तिच्या मागे लागला होता. "रुचा, इमोशनल नको होऊस यार. म्हाताऱ्याची पॉवर बघ आणि आमची बघ. तुझ्या एकटीमुळे सगळे लटकणार!"

शेवटी रुचाने मन घट्ट केलं आणि टोळीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. "म्हाताऱ्याचं ठरवलंय मी. नुसता जागा अडवून बसलाय. खातो ढीगभर आणि कामाचा काडीचा नाही. आज सहाच्या आत ट्रान्सफर करून टाकते. दोन गोळ्यांत विषय संपेल. वाईट वाटतं, पण किती दिवस भावना बघत बसायचं?"

मिनिटभराने तिला बाहेरच्या गॅलरीतून स्वतःचाच आवाज ऐकू आला. अप्पांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांचा फोन कायम फुल्ल आवाजावर असायचा. "...दोन गोळ्यांत विषय संपेल," असं रुचा साऱ्या गॅलरीला सांगत होती.

तिने झटकन फोन पाहिला. टोळीच्या ग्रुपचं नाव होतं 'दुसरा डाव' आणि चाळीच्या ग्रुपचं 'दुसरा माळा'.

एरवीही हे महागात पडलं असतं. पण लालबागची ती चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. कुणाची खोली कुणाच्या नावावर ट्रान्सफर होणार, हा विषय तिथे गणपतीच्या आरतीपेक्षा जास्त मनापासून चालायचा. ट्रान्सफर या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो, हेच त्या माळ्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि खोली अप्पांच्या नावावर होती.

रुचाने घाईघाईत मेसेज डिलीट केला. घाईत केलेल्या कामाचं होतं तेच झालं. तो फक्त तिच्या फोनमधून गेला, बाकी माळ्याकडे जसाच्या तसा राहिला.

ती बाहेर आली तेव्हा अप्पा सदरा चढवून जिन्याकडे निघाले होते.

"अप्पा, ऐका ना, ते तुमच्याबद्दल नव्हतं..."

"जरा खाली जाऊन येतो," अप्पा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या मागे धावावं म्हणून ती वळली, तर वाटेत शेजारच्या पुतळाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"काय गो रुचा, दोन गोळ्या कसल्या?"

"मावशी, गेममधल्या आहेत हो त्या."

"हां. आणि म्हातारा?"

"तो पण गेममधलाच."

"आणि जागा अडवून बसलाय तो?"

"तो पण... मावशी, मला आधी खाली जाऊ द्या!"

"तू कुठं जात नाय. भाऊचा धक्का ते लालबाग, मासळीबाजारात सगळे मला ओळखतात. म्हाताऱ्याला काय झालं ना, तर बघ!"

तेवढ्यात फोन वाजला. नणंद, कांता. लग्न होऊन गिरगावात गेली तरी तिने माहेरच्या माळ्याचा ग्रुप सोडला नव्हता.

"वहिनी, मी टॅक्सीत बसलेय. माझ्या अप्पांना हात तर लावून दाखवा!"

"कांताताई, तो अप्पांचा विषयच नाही. मोबाईलमधला प्राणी आहे."

"माझ्या वडिलांना प्राणी म्हणताय?" कांता किंचाळली आणि फोन बंद झाला.

नवरा अनिश पुण्याला लग्नाला गेलेला. त्याचा फोन लागेना. एव्हाना सबंध माळा गॅलरीत जमला होता. कुणी अप्पांना नाक्यावर पाहून आलं, कुणी देवळात. अप्पा कुठेच नव्हते. मध्येच हितेंद्रचा मेसेज आला, "काढलंस का म्हाताऱ्याला?" तो पुतळाबाईंनी रुचाच्या खांद्यावरून वाचला. रुचाला आता खरंच रडू फुटलं. खेळ गेला खड्ड्यात, अप्पा फक्त घरी येऊ देत, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि जिन्यात पावलं वाजली.

वर आला तो माणूस आधी कुणीच ओळखला नाही. डोक्यावर कानांभोवती उरलेले केस कुळकुळीत काळे, मिशा त्याहून काळ्या. खांद्यावर दळणाचा भरलेला डबा. धापा टाकत त्याने डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "गिरणीतून दळण आणलंय. उद्यापासून भाजीपण मीच आणीन. मला गोळ्याबिळ्या नकोत."

"अप्पा!" रुचा हुंदका देत पुढे धावली. तिने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "हा बघा म्हातारा. ह्याच्याबद्दल बोलत होते मी. शपथ!"

अप्पांनी चष्मा पुसून चित्र न्याहाळलं. पुतळाबाईंनीही मध्ये मान घातली.

"म्हणजे," अप्पा सावकाश म्हणाले, "केस काळे करायची गरज नव्हती?"

"नव्हती हो."

"ह्याच्या मिशा माझ्यासारख्या आहेत."

रुचाने पटकन मिशांवर अंगठा ठेवला.

"ह्याला येतं काय?"

"काही नाही. नुसता मार खाता येतो."

"मग खाऊ दे की," अप्पा म्हणाले. "त्यासाठी काढतात होय कुणाला?"

तेवढ्यात सहा वाजले. वीजमुंगळा घ्यायला वेळच उरला नव्हता. म्हातारा तसाच रणात उतरला आणि सगळा माळा त्या एवढ्याशा पडद्यावर वाकला. समोर डोंगराएवढा लाल राक्षस. हितेंद्रचा गडी पहिल्याच फटक्यात आडवा. मग बाकीचे एकेक करून गेले. म्हातारा उभा! फटक्यामागून फटके पडत होते आणि पुतळाबाई "पडू नको रे बाबा!" म्हणून ओरडत होत्या. शेवटी वेळ संपली. म्हाताऱ्याने शत्रूला ओरखडाही काढला नव्हता, पण तो पडला नव्हता. टोळी हरली आणि दुसऱ्या माळ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

लगेच हितेंद्रचा फोन आला. रुचाने तो अप्पांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. "म्हाताऱ्यामुळे वाट लागली! सांगत होतो, काढ त्याला!" एवढं बोलून त्याने फोन आपटला.

अप्पांनी मोबाईल हातात घेतला. "ह्याला उत्तर मी देतो. ग्रुपचं नाव काय गं? हा दुसरा ना?" आणि रुचा पुढचं काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबून खणखणीत आवाजात सांगितलं, "मी म्हातारा बोलतोय. मला काढायला निघालात, पण मी अजून पडलेलो नाही. जागा सोडणार नाही. हिंमत असेल तर समोर या!"

माळ्यावरचे सगळे फोन एकदम वाजले.

जिन्यात धाडधाड पावलं आली. कांता घामाघूम वर पोहोचली, हातात फोन, डोळ्यांत अंगार. दारातच दळणाच्या डब्यापाशी वाट अडवून उभ्या असलेल्या माणसाला तिने कोपराने ढकललं.

"ओ, बाजूला व्हा जरा! आमचे अप्पा कुठे आहेत?"

अप्पांनी डबा उचलला, अदबीने बाजूला सरकले आणि म्हणाले, "ट्रान्सफर झाले."