पंचनदरावांचं दुसरं इंजिन

पंचनदरावांच्या घरात देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला मोटारीचं एक अख्खं इंजिन होतं. खाली गोणपाट, वर तुळशीचं पान आणि चहूबाजूंनी चंदन-कुंकवाचे टिळे. आंघोळ झाली की ओलेत्यानं ते देवांची पूजा करत आणि त्याच सोवळ्यात रॉकेलचं फडकं घेऊन इंजिन पुसत. मधे कुणी शिवायचं नाही. सोवळ्यात रॉकेल चालतं का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"मॅटर काय म्हण्जे सार, लोखंडास विटाळ नाहीं. मनुष्यास आहे."

मनुष्य म्हणजे मी. बँकेनं साताऱ्याहून थेट तंजावूरला बदली केली आणि राजवाड्यामागच्या गल्लीत मी पंचनदरावांचा भाडेकरू झालो. इतक्या लांब मराठी बोलणारा घरमालक मिळाला म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होतो. पण त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं आणि कुणी जुना तह वाचून दाखवतंय असं वाटलं. बहुतेक बोलण्याची सुरुवात 'मॅटर काय म्हण्जे' अशी, शेवट तमिळ 'सेरी' नाहीतर 'पोदुम'नं. पहिल्याचा अर्थ 'बरं', दुसऱ्याचा 'पुरे'. पुरे मात्र ते कधीच करत नसत.

सरकारी नोकरीत त्यांनी तीस वर्षं कालव्यांचं पाणी मोजलं होतं. लग्न केलं नाही. त्याऐवजी गाडी घेतली. मद्रासेत तयार झालेली, दोन दारांची, शेवाळी रंगाची छोटी गाडी. तिचं झाकण उघडलं की दिव्यांसकट सगळं तोंडच पुढं कलंडायचं आणि पंचनदराव त्यात कमरेपर्यंत शिरायचे. ती रोज बंद पडायची. रोज ढकलायला मीच असायचो. गल्लीत 'बँकवाले सार' म्हणून विचारलं तर माझं घर कुणी दाखवत नसे. 'ढकलणारे सार' म्हटलं की लगेच सापडे.

आता अक्काबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा उपद्व्याप तिच्यासाठी होता. अक्का म्हणजे पंचनदरावांची थोरली बहीण. आई लवकर गेली, यांना अक्कानंच वाढवलं. नवऱ्यामागे ती पापनाशमला एकटीच राहायची आणि वर्षातून एकदा, दीपावलीच्या आदल्या दिवशी, भावाच्या डोक्याला पहाटेचं तेल लावायला यायची. पण गाडीत बसायची नाही. एकदा ही गाडी तिला घेऊन रेल्वेच्या फाटकात, रुळांवरच बंद पडली होती. अक्का उतरली, भावाला शिव्या घातल्या आणि चालू लागली. तेव्हापासून ती बसनं यायची. पुढं बस, बसमध्ये अक्का, आणि मागून गाडीत हे, बहिणीची सोबत करत. अक्का पोचायची आणि हे वाटेत कुठंतरी नारळीखाली उभे असायचे.

मग नव्वदीची ती वर्षं आली. गल्लीत केबलच्या तारा आल्या, परदेशी सरबतांच्या बाटल्या आल्या आणि रस्त्यावर जपानी इंजिनाच्या नव्या गाड्या धावू लागल्या. एके दिवशी पंचनदराव अशा एका गाडीमागे पायी धावत गेले. परत येऊन म्हणाले, "आवाज नाहीं सार! शिवणयंत्राएवढाही नाहीं! हें इंजिन घातलें तर चाळीस मिनिटांत पापनाशम. अक्का नाहीं कशी म्हणेल?"

तिरुचीला जाऊन त्यांनी अपघातातल्या गाडीचं इंजिन उचलून आणलं. योगायोगानं दुसऱ्याच दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. एवढा मुहूर्त कोण सोडतो! इंजिनाला टिळे लावले, कोहळा फोडला, सगळ्या गल्लीला चण्याचं सुंडल वाटलं. तिसऱ्या दिवशी सेल्वम मेस्त्री आला. त्यानं इंजिन पाहिलं, गाडी पाहिली आणि डोक्याला हात लावला. हे इंजिन बसतं आडवं आणि फिरवतं पुढची चाकं. पंचनदरावांच्या गाडीला हवं उभं बसणारं, मागची चाकं फिरवणारं. असं इंजिन त्याच कंपनीच्या व्हॅनला असतं. परत देऊन बदलून आणा, तो म्हणाला.

"परत?" पंचनदराव ओरडले. "पूजा जाहली! पूजा केलेलें आयुध कोणी दुकानीं परत देतो काय?"

मेस्त्रीनं समजावलं, मी समजावलं, भटजींनीसुद्धा समजावलं. उपयोग शून्य. ते इंजिन देवांजवळ गेलं ते कायमचं. तीस वर्षं पाणी मोजणाऱ्या माणसाला एक इंजिन मोजून आणता येऊ नये, हे मी गल्लीभर सांगत फिरलो. सांगताना मजाही आली.

व्हॅनचं इंजिन मिळायला पुढच्या वर्षीचा पावसाळा उजाडला. बसवायला आणखी दोन महिने गेले. जुनं इंजिन काढल्यावर नवं इतकं लहान निघालं की आजूबाजूला मांजर फिरेल एवढी जागा उरली. लोखंडाच्या पट्ट्या कापल्या, पुन्हा कापल्या. पंचनदराव मेस्त्रीला शिकवत आणि मेस्त्री दर चार दिवसांनी रुसून घरी जाई. दीपावलीच्या आठवडाभर आधी गाडी सुरू झाली. खरंच आवाज नव्हता. पंचनदराव तिच्याभोवती तीनदा फिरले.

आदल्या दिवशी आम्ही पापनाशमला गेलो. चाळीस मिनिटं सांगितली होती, अडतीस लागली. अक्का दारात उभी. तिनं गाडी दहा वेळा चालू-बंद करायला लावली. प्रत्येक वेळी ती चालू झाली.

"इंजिन नवें," अक्का म्हणाली, "हांकणारा तोच जुना, पंचू." मग माझ्याकडे बोट केलं. "हे मागें बसणार असतील तर येतें. ढकलायास कोणी पाहिजे."

मी मागे बसलो. तेलाची बाटली मांडीवर घेऊन अक्का पुढं बसली. गाडी निघाली आणि वीसच्या वर जाईना. भाताच्या पेंढ्या बांधलेल्या सायकली पुढं गेल्या. मोपेडवरची म्हातारी पुढं गेली. मागून बस भोंगा वाजवून वाजवून थकली. दुपारनंतर मला बँकेत हजर व्हायचं होतं आणि कालव्यामागून कालवे असे येत होते की चालत गेलो असतो तर बरं. वर्षभराचा तमाशा, दोन-दोन इंजिनं, आणि वेग बैलगाडीचा! अक्काला डुलकी लागली होती. मी पुढं वाकलो आणि दबक्या आवाजात, पण पुरेशा खवचटपणे विचारलं, "काय पंचनदराव, हेही थकलं का?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. अक्काचं डोकं कलून त्यांच्या खांद्याला टेकलं होतं, म्हणून डावा हात ते हलवतच नव्हते. गाडी मघापासून एकाच गिअरमध्ये होती.

"इंजिन उत्तम आहे सार," ते हळूच म्हणाले. "पण घर आलें कीं ती उतरेल. उद्यां तेल लावेल, आणि दुपारची बस धरेल. मग पुढलें वर्ष."

मला माझीच लाज वाटली. एवढे दिवस मी त्या माणसाला हसत होतो, आणि त्याच्या घरी रात्री जेवायला दुसरं पान मांडलं जात नाही हे मला भिंतीपलीकडे राहून ठाऊक होतं. तंजावूर जवळ आलं. मोठ्या देवळाचं शिखर दिसायला लागलं. डावीकडे कालव्याच्या काठानं एक कच्चा रस्ता लांबून वळसा घालून गावात जातो. मी घड्याळ खिशात टाकलं.

"पंचनदराव," मी म्हणालो, "डावीकडून घ्या."