अध्यक्षांच्या मापाचे हातमोजे

एका जंगलात, बाळांनो, एक क्रीडा समिती होती. प्राणीही होते, पण ते समितीच्या खालोखाल.

जंगलाच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती भिंगरी माकडीण. चेंडू आला की ती दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवायची, बोटे पसरायची आणि चेंडूच्या मागे पंजे धरायची. चेंडू हाताला लागताच कोपरे जराशी मागे घ्यायची. मग तो दमलेल्या पोरासारखा तिच्या पोटाशी येऊन बसायचा.

यंदाचा सामना पलीकडच्या डोंगरातल्या रानडुकरांशी होता. जिंकेल त्याचा पाणवठा. हरेल त्याने उन्हाळाभर चिखल चाटायचा.

म्हणून समितीने भिंगरीसाठी सुगरण पक्षिणीकडून हातमोजे शिवून घ्यायचे ठरवले. तळव्याला फणसाचा चीक, म्हणजे चेंडू चिकटेल. बोटांत बांबूच्या कामट्या, म्हणजे ती मागे मुडपणार नाहीत. सुगरण माप घ्यायला निघाली, तर सचिव ससा आडवा आला.

"अगं, माप अध्यक्षांचं घे! मानाचं असतं ते."

अध्यक्ष होते कोल्हेसाहेब. त्यांनी ऐटीत पंजा पुढे केला. आता कोल्ह्याचा अंगठा असतो वर, मनगटापाशी, नावापुरता. सुगरणीने तो मापात धरलाच नाही. आणि मानाच्या मापावर दुसरे माप घेणे म्हणजे अपमान.

भिंगरीने मोजे चढवून पाहिले.

"साहेब, अंगठा कुठं घालू?"

"आत दुमड. आमचं काही अडलंय का आजवर?"

सामना सुरू झाला. चीक उत्तम होता, कामट्याही उत्तम होत्या. पण अंगठे आत दुमडलेले, त्यामुळे दोन पंजांच्या मधे चेंडूला रस्ता मोकळा. तो सरळ गोलात जाऊ लागला.

"अगं मावशे, दार तरी लोटून घे!" डुकरे खिदळली.

हरणांनी धावून धावून गोल फेडले. बरोबरी झाली. आणि अगदी शेवटी डुकरांना पेनल्टी मिळाली.

भिंगरीने पाणवठ्याकडे पाहिले. काठावर तिचे पिल्लू पाणी पीत होते. तिने दोन्ही मोज्यांच्या कडा दातांनी टरकावल्या. अंगठे बाहेर आले.

डुकराने लाथ हाणली. अंगठ्याला अंगठा टेकला, कोपरे मागे आली, चेंडू पोटाशी बसला. पाणवठा वाचला!

जंगल नाचू लागले. चेंडू खाली ठेवून भिंगरीने आनंदाने दोन्ही हात उंच केले. समोरच अध्यक्षांचा मांडव होता.

"हिनं मला अंगठा दाखवला!" कोल्हेसाहेब किंचाळले.

"एक नाही, साहेब. दोन," ससा म्हणाला. सचिवाला अचूक बोलावे लागते.

भिंगरी निलंबित झाली. पुढच्या वर्षी गोलात साहेबांचा भाचा उभा राहिला. नवे मोजे त्याच्या पंजांवर असे बसले की बघत राहावे. पाणवठा गेला, मोज्यांची शिवण मात्र जराही उसवली नाही. समितीने त्याबद्दल भाच्याचा सत्कार ठेवला.

"आई, तहान लागली," भिंगरीचे पिल्लू कुरकुरले.

"थांब रे राजा. साहेबांचं भाषण संपलं की चिखल वाटणार आहेत."

तात्पर्य : चेंडू अडवायला अंगठा लागतो. गोलात उभे राहायला मात्र तो नसलेलाच बरा.