समासातल्या नोंदींची अंमलबजावणी

अभिप्राय मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि त्याचा सदुपयोग करणे हे त्याचे कर्तव्य. हक्काची बाजू विद्यापीठ सांभाळते. कर्तव्याची बाजू मी कशी सांभाळली, ते पुढच्या पिढ्यांच्या मार्गदर्शनासाठी नोंदवून ठेवत आहे.

माझ्या निबंधाचा विषय होता ‘शहराचा पाणीपुरवठा आणि नागरिकांचा सहभाग’. पहिल्या खेपेला मी नापास झालो. मॅडमनी मात्र समासात सढळ हाताने लाल शाई खर्च केली होती. आमच्या वर्गात अशा नोंदी वाचणाऱ्यांचे प्रमाण नगण्य आहे (पाहणी मीच केली, मागच्या बाकावर बसून; पुढच्या बाकांपर्यंत पोचता आले नाही). मी त्या नुसत्या वाचल्या नाहीत, एकूण एक अमलात आणल्या.

मॅडमनी लिहिले होते, ‘मुद्दा भरकटतोय.’ मी तिथे वाक्य घातले, ‘येथे मुद्दा भरकटतो, हे मान्य केले पाहिजे.’ ‘संदर्भ काय?’ याचे झाले, ‘याला संदर्भ काय, याबाबत अभ्यासकांत दुमत आहे.’ (दुसरे मत माझे.) शेवटच्या पानावर विचारले होते, ‘यात नागरिक कुठे आहेत?’ मी लिहिले, ‘यात नागरिक कुठे आहेत, असा मूलभूत सवाल विचारवंतांनी उपस्थित केला आहे’, आणि तळटीपेत मॅडमचे नाव दिले. निबंध चांगला दीड पानाने वाढला, तोही डोक्याला कसलाही ताप न देता.

मॅडमनी बोलावून घेतले.

“हे काय आहे?”

“तुमचा अभिप्राय, मॅडम. सगळा घेतलाय. काही सुटलंय का?”

“अरे, ही माझीच वाक्यं आहेत!”

“म्हणून तर श्रेय दिलंय.”

मॅडमनी चष्मा काढला. (चष्मा काढणे हा अभिप्रायाचा मूक प्रकार होय.) “हे बघ, आता एकच संधी. यातही गेलास तर वर्ष गेलं. जा, आणि नागरिक शोधून आण.”

आदेश स्पष्ट होता. मी मावशीकडे राहतो. स्वयंपाकघरात तेवढी एकच सापडली.

“मावशी, तू नागरिक आहेस का?”

“नाही, तुझी मोलकरीण आहे. ते ताट उचल आधी.”

ताट उचलल्यावर ती बोलती झाली. नळाला महिनाभर गढूळ पाणी येत होते. तिने पाणी खात्यात जाऊन तक्रार केली. उत्तर आले, ‘पाणी गढूळ आहे, या आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ ती पुन्हा गेली आणि ओरडून आली, “नोंद नको, पाणी द्या!” खात्याच्या वार्षिक अहवालात छापून आले, ‘नोंद नको, पाणी द्या, अशी मौलिक सूचना नागरिकांकडून प्राप्त झाली.’

माझे डोकेच फिरले. समोरचा सांगतो ते करायचे सोडून त्याचेच बोलणे त्याला परत वाचून दाखवायचे? किती निगरगट्ट माणसे असतात जगात! त्या तिरमिरीत सगळा निबंध नव्याने लिहून काढला. (संताप इतका निर्मळ होता, की त्यात माझा स्वतःचा विचार एकदाही आला नाही.)

तो आता तपासून आला आहे. मॅडमनी शेवटी अख्खे पान लिहिले आहे. कुठला युक्तिवाद उभा राहिला, कुठला अजून लंगडतो, पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची, सगळे आहे त्यात. जन्मभर पुरेल असा ऐवज. ते पान मी इथे जसेच्या तसे देणारच होतो, पण तुमचा आवाज मला इथवर ऐकू येतोय : “ते राहू दे रे, पास झालास का ते सांग.”