ओरखडासुद्धा नाही

मागच्या गल्लीत कुणाचे तरी गवत कापायचे यंत्र चोरीला गेले आणि अनुप मेश्रामने मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे, असे निदान त्याचे म्हणणे होते. वस्तू मोडेपर्यंत ताणायच्या आणि त्या कुठे मोडतात ते लिहून ठेवायचे, हे शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरातल्या एका कंपनीतले त्याचे काम. त्याच्या स्वतःच्या घरात मोडण्यासारखे काही नव्हते. अपवाद दोन दारांच्या फ्रिजचा. तो घराबरोबरच आला होता, अनुपने निवडलेला नव्हता, म्हणून अनुप त्याच्याकडे कायम संशयाने पाही.

"कुत्रा घे," त्याची बायको प्रतिमा म्हणाली.

"कुत्रा फार तर बारा वर्षं टिकतो."

"अनुप, आपण पंचशील घेतो. पहिलं शील काय आहे?"

"हिंसा न करणं. पोलादाबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही."

"ते पोलाद घरात आलं ना, तर इलाला घेऊन मी फ्रीमाँटला शैलाताईकडे. वन-वे तिकीट. सांगून ठेवते."

प्रतिमा सांगून ठेवलेल्या गोष्टी करते, याचा पुरावा मुबलक होता. तरीही परवाना येताच अनुप दुकानात जाऊन उभा राहिला.

"कशासाठी हवंय?" हँक नावाच्या भरघोस मिशांच्या दुकानदाराने विचारले. "शिकार? नेमबाजी? संरक्षण?"

"टिकण्यासाठी," अनुप म्हणाला आणि त्याने खिशातून भिंग काढले.

त्याने सांगाड्याची जाडी मोजली, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, नळी दिव्यासमोर धरून आतले आटे न्याहाळले. "जास्त दाब आला तर हे कुठे फाटतं?"

"माझं कधीच फाटलेलं नाही."

"किती रिव्हॉल्व्हरांच्या अनुभवावरून सांगताय?"

"एका."

हा नमुना अनुपला अपुरा वाटला. आणखी दोन फेऱ्यांनंतर त्याने दुकानातले सर्वांत जाड स्टेनलेस स्टीलचे मॅग्नम निवडले. घरच्या कुकरच्या शिटीला जेवढा दाब लागतो, त्याच्या दोन हजार पटींहून अधिक दाब ते सोसत होते, आणि प्रतिमाचा कुकर लग्नापासून टिकला होता.

"आणि गोळ्या?"

"नकोत. त्या एकदाच वापरता येतात."

आणखी काहीतरी विकायलाच हवे म्हणून हँकने पोलादी दोराचे एक कुलूप पुढे केले. "हा दोर नळीतून ओवायचा आणि कुलूप लावायचं. माणसाच्यानं तुटत नाही."

"ते पाहू," अनुप म्हणाला.

घरी आणलेल्या खोक्यात फ्लॅशलाइट आहे, असे त्याने प्रतिमाला सांगितले.

त्या वर्षी नागपूरच्या धम्मदीक्षेला चाळीस वर्षे होत होती. अशोक विजयादशमीची वंदना प्रथमच प्रतिमाच्या घरी होणार होती, आणि ती आपल्याकडे व्हावी म्हणून ती तीन वर्षे सर्वांच्या मागे लागली होती. मूर्तीसमोर ठेवायची खीर फ्रिजमध्ये होती. दुपारी, पनीरवर वजन म्हणून ठेवलेले पाण्याचे पातेले नेहमीप्रमाणे घसरून ओट्यावर पूर आल्यानंतर, ती चिडून मेणबत्त्या आणायला गेली. इलाही सोबत गेली. अनुपला एकांत मिळाला.

कुलपाची ताकद तपासायची तर भक्कम आधार हवा. फ्रिजच्या दोन मुठी शेजारी-शेजारी होत्या. त्याने दोर आधी रिव्हॉल्व्हरमधून, मग दोन्ही मुठींतून ओवला, कुलूप लावले आणि किल्ली शेवटपर्यंत पिळली. दोर पोलादाचा होता, कुलूप पोलादाचे होते. किल्ली कशाची आहे, हे त्याने विचारलेच नव्हते. ती आत तुटली.

त्याने करवत आणली. करवतीचे दात गेले. दोरावर रेघही उठली नाही. भीतीने गारठलेल्या अनुपला क्षणभर निखळ व्यावसायिक आनंद झाला. तेवढ्यात गॅरेजचे दार वाजले. त्याने हाताला लागलेली निळी चादर फ्रिजवर टाकली.

"हे काय?" प्रतिमाने विचारले. तिच्या मागे वंदनेसाठी वेळेआधीच आलेले शंकरराव आणि गिरजाबाई हे वयस्कर जोडपे उभे होते.

"बिघडलाय."

"अरे, खीर आहे आत!"

"म्हणूनच उघडायचा नाही. बंद फ्रिज थंडावा धरून ठेवतो."

"बिघडलाय म्हणतोस, आणि हा तर चांगला घुमतोय की रे," गिरजाबाई म्हणाल्या.

"काकू, तोच बिघाड आहे."

बाकीची मंडळी आली, मेणबत्त्या लागल्या, पंचशील सुरू झाले. पहिल्या शिलाला अनुपचा आवाज खणखणीत होता, गोळ्या नव्हत्या. खोटे न बोलण्याच्या चौथ्या शिलाला मात्र त्याला खोकल्याची अशी उबळ आली, की ते संपेपर्यंत ती थांबली नाही.

मग शंकरराव उभे राहिले. तरुणपणी समता सैनिक दलात कवायत केलेला माणूस. सत्तरीतही पाठ ताठ. कलिंगाच्या रणभूमीवर सम्राट अशोकाने शस्त्र कसे खाली ठेवले, हे त्यांनी असे सांगितले, की अनुपखेरीज सर्वांचे डोळे ओले झाले. अनुपचे डोळे चादरीवर होते.

"आता खीर आणू या," शंकरराव म्हणाले.

"काका, नको! मी आणतो! म्हणजे, नको आणायला!"

"अरे, तू बस. बिघडलेला फ्रिज मला नवा नाही." त्यांनी चादर न काढताच मूठ पकडली. दार हलेना. "अडकलंय जरा," म्हणत त्यांनी एक पाय मागे रोवला आणि दलातल्या सगळ्या कवायतीनिशी हिसका दिला.

दोर तुटला नाही. कुलूप तुटले नाही. दोन्ही दारांच्या प्लास्टिकच्या मुठी मुळासकट उपटल्या. चादर सरकली, दोर निसटला आणि मॅग्नम धाडकन जमिनीवर आदळले. फरशी उभी तडकली.

अनुप गुडघ्यांवर बसला, त्याने रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिले, आणि अत्यानंदाने त्याच्या तोंडून निघून गेले, "बघा, बघा! ओरखडासुद्धा नाही!"

"डॅड," इला म्हणाली, "दॅट्स नॉट अ फ्लॅशलाइट."

शंकररावांनी घसा साफ केला. "अशोकाला शस्त्र खाली ठेवायला अख्खं कलिंग लागलं. तुझं फ्रिजवरच भागलं, बाबा."

कुणीतरी फिसकन हसले. मग कुणालाच आवरेना. हसत नव्हती ती एकटी प्रतिमा. तिने फोनकडे पाहिले. मग अनुपकडे. मग खाली वाकून तिने ते मॅग्नम उचलले आणि तळहातावर हलकेच तोलले.

"हे कुलूप उघडणार नाही ना आता कधी?"

"किल्ली आत तुटलीय. दोर कापता येत नाही. मी प्रयोग केलाय."

"मग काकू, मूर्तीसमोर खीर ठेवा तुम्ही. मी आलेच," असे म्हणून ते हातात घेऊनच ती ओट्याकडे वळली. फ्रीमाँटला लावायचा फोन तिने उचलला नाही.

पुढच्या महिन्यात अनुप कुलपाची स्तुती करायला मुद्दाम दुकानात गेला. हँकला फार बरे वाटले. "आणि मॅग्नम? वापरता की नुसतंच ठेवलंय?"

"दर शनिवारी वापरतो. अप्रतिम."

"शाब्बास! कशावर?"

"दुधावर," अनुप म्हणाला. "दूध फाडायचं, फडक्यात बांधायचं आणि वर हे ठेवायचं. अजून एकदाही घसरलेलं नाही."