दहाव्याला आलेला फ्लेक्स

आबासाहेब निंबोऱ्यांचे फ्लेक्स खांबांवरून उतरून लोकांच्या लग्नांना आणि दहाव्यांना जाऊ लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आबासाहेब पडले मंत्री. एवढ्या ठिकाणी त्यांनी स्वतः पोचायचं तरी कसं? सोय नामी निघाली, म्हणून पक्षाने ती राज्यभर लागू केली. लग्नात तर फ्लेक्स शोभूनच दिसत. हात जोडलेले, चेहऱ्यावर वाढदिवसाचं हसू, शिवाय पंगतीला बसायचा प्रश्नच नाही.

रंगनाथ बोधल्याची याबद्दल काही तक्रार नव्हती. उमेदीची सगळी वर्षं त्याने पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात घालवली होती. पण त्याची आई गेली, आणि जाताना आबाचंच नाव काढून गेली. पहिल्या निवडणुकीत आबा सायकलवर गावात आला होता आणि चुलीपुढे बसून तिच्या हातची भाकरी खाऊन गेला होता. निवडून आलो की पुन्हा जेवायला येतो, असा शब्द देऊन गेला होता. म्हातारीने शेवटपर्यंत त्याची वाट पाहिली.

रंगनाथ तालुक्याला पक्षाच्या कचेरीत गेला. तिथे आबासाहेबांचे स्वीय सहायक कुलथे बसलेले होते.

"दहाव्याला साहेब स्वतः आले तर लई बरं होईल."

"फ्लेक्स पाठवतोय ना. तुम्ही जुने माणूस, म्हणून सगळ्यात मोठा काढलाय."

"तो हसतोय हो, कुलथेसाहेब. निदान गंभीर चेहऱ्याचा तरी द्या."

"तसा फोटो काढलेलाच नाही. कधी गरज पडली नाही."

दहाव्याला फ्लेक्स वेळेवर आला. बोळातून येताना त्याला तिरकं व्हावं लागलं, पण आला. घाटावर पिंडापासून चार हातांवर हात जोडून हसत उभा राहिला. नदीचा वारा होता, त्यामुळे फडफडत होता. कावळे बाभळीवर बसून राहिले. पिंडाला काही केल्या शिवेनात.

मग नेहमीची वचनं सुरू झाली. धाकट्या बहिणीला अंतर देणार नाही, असं रंगनाथने सांगून पाहिलं. कावळे हलले नाहीत. आबांना घरी जेवायला आणतो, असंही सांगितलं. कावळ्यांनी एकवार फ्लेक्सकडे पाहिलं आणि माना वळवल्या.

"ह्यो जरा पल्याड सरकवा की," चुलता म्हणाला.

"मंत्र्यांचा आहे. विधी होईपर्यंत हलवता येणार नाही," बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला.

ऊन चढलं. आई अजून उपाशी आहे, हे रंगनाथला बघवेना. तो पिंडापुढे वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आये, औंदा माझं मत ह्यास्नी न्हाई."

कावळा लगेच उतरला. पिंड पुरता खाऊन गेला.

गोष्ट पंचक्रोशीत झाली. पुढच्या दहाव्याला लोकांनी बाकीच्या वचनांत वेळ घालवला नाही. मेलेल्याची इच्छा सुनेबद्दल असो की बांधाबद्दल, फ्लेक्स हजर असला की कावळे त्या एकाच वाक्याला उतरत. फ्लेक्स तर राज्यभर हजर असत. आणि पिंडापुढे दिलेला शब्द कोण मोडणार?

निवडणुकीत पक्ष पार झोपला. पराभवाची कारणं शोधायला समिती नेमली गेली. फ्लेक्सचा आकार कमी पडला, असं तिचं मत झालं.

त्यानंतर एका सकाळी आबासाहेब स्वतः रंगनाथच्या दारात आले. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली. रंगनाथच्या बायकोने त्यांना ओळखलं नाही. ओसरीच्या खांबाला टेकून काळ्याभोर केसांचा फ्लेक्स उभा होता. दहाव्यानंतर त्याला परत बोलवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"ह्यांच्याकडं आलाय का?" तिने फ्लेक्सकडे बोट दाखवून विचारलं.

"हो," आबासाहेब म्हणाले.

रंगनाथ बाहेर आला. त्याला राग येईल असं वाटलं होतं, पण वाईटच वाटलं. त्याने आबांना आत नेऊन चुलीपुढे पाट दिला.

"म्हातारीला शब्द दिला होता, रंगा," आबासाहेब म्हणाले. "भाकरी खायला आलोय."

"बसा की. वाढतो," रंगनाथ म्हणाला. "पर आबा, आई जेवून गेली."