ताटात आलेली कुंडी

सासूबाई भाकरी थापताना गुणगुणताहेत, हे ऐकून अपेक्षाला आधी बरं वाटलं.

"घोळ तोडते बाई, देठाला तिच्या लाली,
लेकाच्या नगरीत माझी भाजी मला भेटली."

महिन्यापूर्वी बार्शीहून चंडीगडला आल्यापासून सरोजबाईंच्या ओठावर ओवी आली नव्हती. शेजारच्या सरदारणीशी 'हां जी' म्हणून झालं की त्यांचं बोलणं सरे. थंडीतलं ऊन गॅलरीत उतरलं की त्या त्यात जाऊन बसत आणि ऊन सरकेल तशा सरकत राहत. "आईला इथं करमत नाही," असं अपेक्षाचा नवरा शिशिर रोज म्हणे. आज मराठी पाहुणी जेवायला येणार म्हटल्यावर मात्र त्यांनी आपणहून पदर खोचला होता. "आज तू ओट्याकडं फिरकू नको, नुसती वाढ," असं सुनेला बजावून भाजी रांधली होती आणि आता एकेक गरम भाकरी तव्यावरून थेट टेबलावर धाडत होत्या.

अपेक्षा भाकरी घेऊन बाहेर निघाली आणि दारातच थांबली.

"आई, घोळ कुठे मिळाली तुम्हाला? इथल्या बाजारात मी तर कधी पाहिली नाही."

"बाजारात कशाला जायला पाहिजे? आपल्याच गॅलरीत होती की. त्या परातीएवढ्या कुंडीत. बोडकी केली बघ सगळी." सरोजबाईंनी पुढच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला. "येईल परत. घोळ तोडावी तेवढी फुटते."

बाहेरून चारुशीलाकाकूंचा तृप्त आवाज आला, "शिशिर, भाजी अजून वाढ रे. किती वर्षांनी खातेय मी ही."

अपेक्षाच्या हातातल्या भाकरीचा चटका बोटांना लागला, तरी ती दारातच उभी होती. ती कुंडी काकूंची होती.

काकूंचे यजमान फौजेत, मुक्काम चंडीमंदिरच्या छावणीत. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाताना काकूंनी ही पसरट मातीची कुंडी अपेक्षाच्या हवाली केली होती. जाडजूड पानांची, बोटभर उंचीची 'सक्यूलेंट' रोपटी त्यात दाटीवाटीनं नांदत होती. कुणी कमळासारखं, कुणी कोरफडीच्या तान्ह्या पिल्लासारखं, कुणी मण्यांची माळ होऊन काठावरून ओघळणारं. जिथं जिथं बदली झाली, तिथून काकूंनी एकेक रोप आणलं होतं. "हा माझा संसार आहे गं," असं म्हणून त्या गेल्या होत्या, आणि आज जेवण झाल्यावर तो संसार परत न्यायला आल्या होत्या.

बोडक्या कुंडीची लाज एक वेळ सोसली असती. पण खरी भीती वेगळीच होती. सासूबाईंनी खुडलेलं ते लाल देठांचं, रुपयाच्या नाण्यासारख्या पानांचं रोप मुळात काकूंचं नव्हतंच. काकूंचं रोप सासूबाई यायच्या आधीच धुक्यात दगावलं होतं. आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या अपेक्षानं पाणी घालायची आठवण मोबाइलवर लावून ठेवली होती. बाहेर आठवडाभर सूर्य दिसेना, माती वाळेना, पण मोबाइल वाजला की ती इमानानं पाणी घाली. अखेर एका सकाळी रोप मुळापासून कुजून आडवं झालं. मग तिनं पिंजोरच्या रस्त्यावरच्या रोपवाल्याकडून हुबेहूब तसंच दिसणारं, चांगलं डवरलेलं दुसरं आणून रिकाम्या जागी खोचलं.

"भैया, इसका नाम क्या है?" असं तिनं विचारलं होतं.

"सक्यूलेंट है जी."

"वो तो ये सब हैं."

"हां जी, सब हैं."

तेव्हा त्या उत्तरानं तिचं भागलं होतं. आता मात्र तिला आठवत होतं की या जातकुळीतल्या काही झाडांच्या चिकानं तोंड भाजतं आणि काही खाऊन बकऱ्या दगावतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

ती टेबलापाशी आली. काकूंची वाटी भरलेली होती. शिशिरची पुसून स्वच्छ झाली होती.

"काकू, भाजी राहू द्या. पनीर घ्या ना, खास तुमच्यासाठी मागवलंय."

"पनीर काय, इथं कुत्रंमांजरंही खातात. हे दुर्मीळ आहे." काकूंनी वाटी आणखी जवळ ओढली. "सरोजताई, तुमच्या हाताला चव आहे हो."

"खावा, खावा. मायंदाळ हाय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

अपेक्षानं शिशिरला डोळ्यांनी खूण केली. त्यानं समजुतीनं मान हलवली आणि काकूंना आणखी एक पळी वाढली.

विचारायचं तर होतंच, पण सरळ विचारलं तर आत भाकरी थापणाऱ्या बाईच्या कानावर जाणार. गाणं महिन्यानं सुटलं होतं. ते आपल्याच तोंडानं थांबवायचं? अपेक्षानं आवाज शक्य तेवढा सहज केला.

"काकू, तुमच्या कुंडीतलं ते लाल देठाचं आहे ना, ते एखाद्या मांजरानं वगैरे खाल्लं तर काही होतं का हो?"

"मांजर आलं होतं का?"

"नाही, म्हणजे, मांजरासारखंच."

"ते देवळालीचं." काकू भाकरीचा घास मोडत निवांत म्हणाल्या. "अगं, तिथं आमच्या शेजारच्यांची शेळी होती. तिनं एकदा अर्धं रोप फस्त केलं. काही झालं नाही, उलट दूध वाढलं. पक्का. बिनधास्त राहा."

एव्हाना काहीतरी बिनसलंय हे शिशिरच्या ध्यानात आलं होतं. त्यानं आपली वाटी पाहिली, गॅलरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि शेळीची गोष्ट ऐकून त्याचे खांदे सैल पडले. अपेक्षाचे पडेनात. देवळालीच्या रोपाला काकूंनी दिलेली ग्वाही पिंजोरच्या रोपाला कशी लागू व्हावी? बहिणीच्या वागण्याची हमी देऊन तिच्यासारख्या दिसणाऱ्या परक्या बाईला घरात घ्यावं, तसं ते झालं असतं.

काकूंनी पुढचा घास उचलला. आता मात्र तिच्यानं राहवेना.

"काकू, थांबा." आवाज दबका होता, पण असा काही निघाला की काकूंचा हात तोंडापाशीच थबकला. "ते देवळालीचं नाहीये."

"काय देवळालीचं नाहीये?"

"कुंडीतलं. तुमचं धुक्यात गेलं. मी पाणी जास्त घातलं. मग तसंच दिसणारं दुसरं आणून लावलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्याचं नाव मला माहीत नाही. विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं."

काकूंनी घास ताटात ठेवला. चेहऱ्यावरून एक सावली सरकली. "गेलं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोळा बिऱ्हाडं बदलली गं त्यानं माझ्यासोबत." क्षणभर त्या एखादं माणूस गेल्याची बातमी कळल्यासारख्या बसून राहिल्या. मग त्यांच्या भुवया एकमेकींकडे सरकल्या.

"पण तू हे मला जेवताना का सांगतेयस?"

अपेक्षा नुसती वाटीकडे पाहत राहिली. काकूंनी तिची नजर गेली तिकडे पाहिलं.

"अपेक्षा, मी आत्ता काय खाल्लं?"

"आईंना ती घोळ वाटली, काकू. हळू बोला, त्यांना माहीत नाही."

तिघं पाय न वाजवता गॅलरीत गेले. कुंडीच्या मधोमध लाल खुंट तेवढे उभे होते. भोवती बाकीची रोपटी वरात लुटली गेल्यासारखी दीनवाणी. शिशिर मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये औषधांवर संशोधन करणारा, म्हणून दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी उंदरांवर काम करतो," तो म्हणाला. "आधी उंदरांना दिलं असतं तर सांगितलं असतं."

"काकू, तुम्ही ओळखा ना. तुम्हाला सगळी नावं माहीत आहेत."

"कुठली नावं? मला गावं माहीत आहेत." काकू कुंडीवर वाकल्या. "हे बबिना. हे जामनगर. ही माळ बेळगावची. याउपर मी कधी कुणाला काही विचारलंच नाही, यार."

अपेक्षानं खुंटांचा फोटो काढून मोबाइललाच विचारलं. त्यानं आधी सांगितलं की वनस्पती खाण्याजोगी आहे. तिनं कोन बदलून पुन्हा फोटो काढला, तर लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावी असं आलं. तिसऱ्या खेपेला त्यानं कोबीच्या छान वाढीबद्दल तिचं अभिनंदन केलं.

शिशिरनं आपल्या डॉक्टर मित्राला, जयंतला, फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"पेशंट कोण आहे?" जयंतनं विचारलं.

"मी. आणि एक पाहुण्या."

"काय होतंय?"

"अजून काही नाही. पण होईल असं वाटतंय."

"चीक निघतो का देठातून?"

काकूंनी एक खुंट नखानं दाबला. बोटाला ओल लागली. ती पांढरी म्हणावी की पाण्यासारखी, यावर उन्हात हात धरून तिघांचं एकमत होईना.

"मग गप्प बसून राहा," जयंत म्हणाला. "तोंड भाजलं, उलटी झाली, तर लगेच निघून या. आणि भाजीचा नमुना जपून ठेवा."

अपेक्षा आत गेली, टेबलावरची भाजीची कढई झाकण घालून उचलून आणली आणि मांडीवर घेऊन बसली. तिघं गॅलरीत ओळीनं बसले, लक्षणांची वाट पाहत. फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं, खाली भाजीवाल्याची हाक होती, आणि आपलं पोट सोडून जगात कशातच कुणाचं मन नव्हतं.

"जीभ जड वाटतेय," काकू म्हणाल्या.

"दाखवा," शिशिर म्हणाला. काकूंनी जीभ दाखवली. "जिभेसारखीच दिसतेय."

"माझ्या पोटात गुडगुडलं," थोड्या वेळानं तोच म्हणाला.

"ते तुझं नेहमीचं आहे," अपेक्षा म्हणाली, पण कढईचं झाकण तिनं आणखी दाबून बसवलं. "पाय तर गार नाहीत ना पडले?"

"काकूंचे बघ आधी. त्यांनी माझ्याहून जास्त खाल्लीये."

"मोजत होतास का रे?" काकूंनी विचारलं.

तेवढ्यात दारात सरोजबाई उभ्या राहिल्या. हातात वाफाळती भाकरी, कपाळावर पीठ.

"ताटं सोडून इथं काय बसलाय सगळी? आणि माझी कढई इथं कशाला उचलून आणलीस गं?"

सरोजबाईंची नजर कढईवरून कुंडीवर गेली, कुंडीवरून काकूंच्या चेहऱ्यावर. म्हातारी माणसं चेहऱ्यांचा अर्थ लवकर लावतात. हातातली भाकरी हळूहळू खाली आली.

"माझ्या हातून काही चुकलं काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अपेक्षानं सांगितलं, शब्द जपून, काटा काढावा तसं. कुंडी काकूंची होती, रोपं शोभेची होती, आणि जे खुडलं ते नक्की काय, हे कुणालाच ठाऊक नाही. "विषारी असेलच असं नाही, आई. पण नसेल असंही सांगता येत नाही."

सरोजबाईंचा चेहरा कसनुसा झाला. "शोभेची?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, इथं परसू नाही म्हणून तू कुंडीत भाजी लावलीस. कुणी सांगितलं असतं तर हात लावला असता व्हय मी?" मग काही ध्यानात आल्यासारख्या त्या थांबल्या. "पण इख कुठनं असंल त्यात? मी तर आल्यापासनं रोज खाते."

"काय खाता?"

"तीच. उन्हात बसलं की चार पानं तोंडात टाकते. आंबूस लागतात. इथल्या जेवणानं तोंडाला चव नव्हती, तर तेवढाच आधार."

अपेक्षाच्या डोळ्यांपुढून गेला महिना झरझर सरकला. रोपाची पानं रोज कमी होत होती. तिनं आधी पाणी कमी केलं होतं, मग कुंडी उन्हात सरकवली होती, मग खत घातलं होतं, आणि शेवटी कीड असावी म्हणून कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून रोज संध्याकाळी पानापानावर फवारलं होतं.

"मागल्या आठवड्यापासनं जरा कडू लागायला लागली," सरोजबाई सांगत होत्या. "म्हटलं, जून झाली असंल. म्हणून मग धुऊन, लसणाची फोडणी देऊन शिजवली."

शिशिरनं हसू दाबायला तोंडावर हात धरला. काकूंनी जीभ टाळ्याला लावून पाहिली; ती आता जड नव्हती. त्या उठल्या, सरोजबाईंच्या हातातली भाकरी त्यांनी काढून घेतली आणि त्यांचा दंड धरला.

"चला सरोजताई. अर्ध्या ताटावरून उठले आहे मी."

सगळे पुन्हा टेबलाभोवती बसले. सरोजबाई मात्र बसल्या नाहीत. मान खाली घालून उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. काकूंनी भाजीची कढई मधोमध ठेवली, एक स्वच्छ ताट घेतलं, त्यात भाकरी ठेवली, शेजारी भरघोस भाजी वाढली आणि ते ताट अपेक्षापुढे सरकवलं.

"आम्ही सगळ्यांनी खाल्लीये. तू तेवढी राहिलीस."

"मी मागून बसते, काकू. तुम्हाला वाढते आधी."

"बस गं. माझं देवळालीचं मारलंस ना? मग खा."

अपेक्षानं घास केला. शिशिर पाहत होता, काकू पाहत होत्या, आणि दोघांच्या मागून सरोजबाई तर अशा पाहत होत्या, की जणू बार्शीची गाडी धरायची की नाही हे त्या एका घासावर ठरणार होतं. तिनं तो तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

"कशी झालीये?" सरोजबाईंनी विचारलं.

लसूण नेमका पडला होता, आंबूसपणा जिभेवर रेंगाळत होता, कूटही बेतानं होतं. मीठ मात्र घालायचंच राहिलं होतं, आणि ते ना काकू बोलल्या होत्या, ना शिशिर.

"फार छान झालीये, आई," अपेक्षा म्हणाली आणि आणखी वाढून घेतली.